साडेपाच हजारांचं ‘इंजिन क्लीनिंग’ करून घ्यावं का?

प्रश्न : राम राम. मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक. माझ्याकडे 2018 ची 1.2 लिटर पेट्रोल गाडी आहे, 72 हजार किलोमीटर झालेत. गाडीचं फिरणं म्हणजे घर ते मळा, फैजपूर, सावदा, कधी भुसावळ. महिन्यातून एखाद्या वेळी धुळ्याला साडूंकडे. पूर्वी लिटरला 18 द्यायची, आता साडेपंधराच्या वर जात नाही. सिग्नलला उभी असताना थोडी थरथरते. परवा सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा तिथल्या मुलाने सांगितलं, ‘‘काका, इंजिनात कार्बन झालाय. इंजिन फ्लश, डीकार्बन आणि इंजेक्टर क्लीनर असं मिळून साडेपाच हजार. आता नाही केलं तर पुढे इंजिनच खोलावं लागेल.’’ माझा मुलगा म्हणतो, आजकालच्या गाड्यांना असलं काही लागतच नाही. साडूंची डिझेल गाडी आहे, ते दर टाकीला एक बाटली ओततात आणि म्हणतात, ‘‘टाकी दे ना भो, काय बिघडी जाई?’’ मुलाला यंदा टर्बो पेट्रोल गाडी घ्यायची आहे, तिच्यासाठीही आताच कळलेलं बरं. खरं कोणाचं?

उत्तर : भाऊ, राम राम. ते साडेपाच हजारांचं पॅकेज घेऊ नका. त्यातल्या तीन कामांपैकी इंजेक्टर क्लीनर तेवढं तुमच्या गाडीला उपयोगी पडू शकतं आणि ते तुम्ही घरच्या घरी, त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात करू शकता. डीकार्बनची गरज दिसत नाही. इंजिन फ्लशने फायद्यापेक्षा नुकसान होण्याची भीती जास्त. म्हणजे त्या मुलाचं खरं नाही. पण तुमच्या चिरंजीवांचंही पूर्ण खरं नाही, आणि साडूंचं ‘काय बिघडी जाई’ तर नव्या डिझेल गाडीत चांगलंच महागात पडू शकतं.

तुमच्याकडे केळीला ठिबक असणारच. ड्रिपर क्षाराने बंद पडायला लागले की आपण नळीतून ॲसिड सोडतो. ते ॲसिड पाणी जिथून जातं तिथेच पोचतं. त्याने क्षार विरघळतात, मातीचा गाळ विरघळत नाही. गाळासाठी नळीचं टोक उघडून पाणी जोरात काढून द्यावं लागतं. आणि नळी उंदराने कुरतडलेली असेल तर कितीही ॲसिड सोडलं तरी काही उपयोग नाही. इंजिनाच्या बाटलीला नेमके हेच प्रश्न विचारायचे : घाण कुठे आहे, ती कशाची आहे, आणि बाटलीतलं रसायन तिथवर जातं का? पॅकेज विकणारा या तिन्हींचं उत्तर न देता ‘कार्बन झालाय’ एवढंच म्हणतो. इंजिन न उघडता, आत कॅमेरा न घालता, स्कॅनर न लावता त्याला ते कळलं कसं, हे त्याला जरूर विचारा.

तुमच्या गाडीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, हवेच्या वाटेत पडतो. याला मल्टिपॉइंट इंजेक्शन म्हणतात, कागदपत्रांत एमपीएफआय लिहिलेलं असतं. यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत आत जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप बराचसा धुतला जातो. तरी दोन ठिकाणी किटण चढतं. एक म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं टोक. गाडी बंद केल्यावर इंजिनाची धग काही वेळ तशीच राहते, टोकाशी उरलेलं थेंबभर पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर राहतो. घर ते मळा, मळा ते गाव अशी दिवसातून चार वेळा चालू-बंद होणारी गाडी असली की हे जास्त होतं. दुसरी जागा म्हणजे व्हॉल्व्हची पाठ आणि पिस्टनचा माथा. तिथे इंधनाचे आणि ऑइलच्या वाफेचे अवशेष भाजून बसतात.

या दोन्ही ठिकाणी पेट्रोलमधलं डिटर्जंट पोचतं. म्हणून तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर टाकीत घालायच्या बाटलीमागे खरं शास्त्र आहे. अमेरिकेत 1995 पासून पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे. ते प्रमाण अपुरं वाटलं म्हणून 2004 मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी ‘टॉप टिअर’ नावाचा त्याहून कडक दर्जा आणला. तिथल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2016 मध्ये चाचणी केली तेव्हा टॉप टिअर नसलेल्या पेट्रोलवर इनटेक व्हॉल्व्हवरचा थर सरासरी 19 पट जास्त आढळला. म्हणजे पेट्रोलमधल्या डिटर्जंटने फरक पडतो, आणि तो चांगलाच पडतो. आता यातली खरी गोष्ट बघा : तो फरक रोजच्या इंधनात सतत असलेल्या थोड्याशा मात्रेचा आहे, वर्षातून एकदा केलेल्या मोठ्या ‘क्लीनिंग’चा नाही.

आपल्याकडे इंडियन ऑइलचं एक्सपी95, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर95, भारत पेट्रोलियमचं स्पीड ही पेट्रोलं जास्तीचं ॲडिटिव्ह (सफाईसाठी मिसळलेलं रसायन) असलेली म्हणून विकली जातात. तुमच्या इंजिनाला वाढीव ऑक्टेनचा काही लाभ नाही, कारण ते साध्या पेट्रोलसाठीच बनलेलं आहे. पण अधूनमधून एखादी टाकी ॲडिटिव्हसाठी म्हणून भरायला हरकत नाही. त्याने गाडी ‘पळायला’ लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

बाटलीच घ्यायची असेल तर रंग आणि जाहिरात न बघता आत काय आहे ते बघा. आपल्याला हवं असलेलं रसायन आहे पॉलिइथरअमाइन, लेबलवर बहुधा पीईए एवढंच असतं. हे ज्वलनकक्षातल्या उष्णतेत टिकतं, त्यामुळे इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा अशा तिन्ही जागी काम करतं. स्वस्त बाटल्यांमध्ये पुष्कळदा पॉलिआयसोब्युटिन जातीचं अमाइन असतं. ते व्हॉल्व्ह साफ करतं, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडा थर सोडू शकतं. आणखी स्वस्तात नुसतं रॉकेलसारखं द्रावण आणि वास. लेबलवर घटक लिहिलेला नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, त्यात सापडतो. तिथेही नसेल तर ती बाटली घेऊ नका. ‘ऑक्टेन बूस्टर’ लिहिलेली बाटली वेगळी, तिचा सफाईशी संबंध नाही.

वापरायची पद्धतही महत्त्वाची आहे. ऑइल बदलायला गाडी टाकायची असेल त्याच्या आधीच्या टाकीत बाटली ओता, कारण यातला थोडा भाग पिस्टनच्या बाजूने ऑइलमध्ये उतरतो आणि तो ऑइलबरोबरच निघून गेलेला चांगला. बाटलीवर जेवढ्या लिटरला सांगितली असेल तेवढंच पेट्रोल भरा. दोन बाटल्या ओतल्या म्हणून दुप्पट सफाई होत नाही. आणि ती टाकी मळ्याच्या फेऱ्यांत संपवू नका. धुळ्याला साडूंकडे जाणं असेल त्या वेळी घाला. पारोळ्यापर्यंतच्या मोकळ्या रस्त्याला इंजिन पूर्ण तापून चांगला तासभर चालेल, तेव्हा रसायनाला काम करायला वेळ आणि उष्णता दोन्ही मिळेल. वर्षातून एकदा एवढं पुरे. एका टाकीनंतर थरथर काहीच कमी झाली नाही तर थरथरीचं कारण दुसरं आहे असं समजा आणि तिसरी-चौथी बाटली आणू नका. ह्युंदाईसारख्या काही कंपन्यांच्या पुस्तिकेत, चांगलं पेट्रोल मिळत नसेल आणि गाडी नीट चालू होत नसेल किंवा खडखडत असेल तर इंधनात ॲडिटिव्ह घालावं असा उल्लेख असतो. तुमच्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते एकदा काढून वाचा. ती बहुतेकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

आता इंजिन फ्लश. हा मात्र मला काळजीचा विषय वाटतो. फ्लशची बाटली पेट्रोलमध्ये नाही, इंजिन ऑइलमध्ये ओततात. दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतात आणि मग ऑइल काढून टाकतात. काढलेलं ऑइल डांबरासारखं काळं दिसतं आणि गिऱ्हाइकाला दाखवतात, ‘‘बघा काका, केवढी घाण निघाली.’’ भाऊ, फ्लश न करता काढलं असतं तरी ते काळंच निघालं असतं. चांगल्या ऑइलमध्ये कंपनीनेच डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात. डिटर्जंट किटण सोडवतं आणि डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवतं. ऑइल काळं होतं याचा अर्थ ते त्याचं काम करतंय.

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशला काढण्यासारखं फारसं काही नसतं. आणि ज्या इंजिनात वर्षानुवर्षं ऑइल न बदलल्यामुळे खरंच गाळ साचलाय, तिथे तो एकदम सुटणं जास्त धोक्याचं. सुटलेला गाळ तळाच्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसला तर ऑइलचं प्रेशर पडतं आणि बेअरिंग कोरडी फिरतात. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, तिच्या वाटा अरुंद आहेत. टर्बो गाडीत तर टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर जगतं. शिवाय काढल्यावरही थोडं फ्लशमिश्रित ऑइल आत उरतंच, आणि नवं ऑइल पहिल्या दिवसापासून पातळ होऊन जातं.

आपल्याकडे जुने मेकॅनिक ट्रॅक्टरचं इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन काढायचे, म्हणून लोकांना फ्लश पटतो. ती इंजिनं मोकळ्या अंतराची, धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली, सेन्सर नसलेली होती. ती सवय आजच्या गाडीवर लादू नका. तुमच्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा. धातू मधासारख्या तपकिरी रंगाचा दिसला तर सगळं ठीक. काळी, जेलीसारखी साय दिसली तर गाळ आहे. पण तेव्हाही फ्लश नको. पुस्तिकेतल्या ग्रेडचं चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, अडीच-तीन हजार किलोमीटरने पुन्हा दोन्ही बदला, परत एकदा तसंच करा. गाळ हळूहळू ऑइलमध्ये येतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. फारच असेल तर खालचा सम्प (ऑइल साठणारं भांडं) उतरवून जाळी हाताने साफ करणारा मेकॅनिक शोधा. जळगाव, भुसावळला असे जुने हात अजून आहेत, आणि त्यांची मजुरी त्या पॅकेजपेक्षा जास्त सार्थकी लागते.

तुमचं फिरणं आखूड आहे, म्हणून ऑइलबाबत एक गोष्ट पक्की धरा : किलोमीटर झाले नसले तरी वर्ष झालं की ऑइल बदलायचं. पाच-सात किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड तापत नाही, ज्वलनातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. गाळाची सुरुवात तिथूनच होते.

‘डीकार्बन’ या नावाखाली तर वेगवेगळी दुकानं वेगवेगळं काम करतात. कुठे हवेच्या नळीतून फेस किंवा द्रव सोडतात, कुठे हायड्रोजन तयार करणारं यंत्र अर्धा-पाऊण तास लावतात, कुठे नुसती थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पुसून पूर्ण पैसे घेतात. फेसाच्या प्रकारात सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि माणसाला वाटतं कार्बन बाहेर पडतोय. तो धूर मुख्यतः त्या रसायनाचाच असतो. हायड्रोजनच्या यंत्रावर मी तुमच्या जागी एक रुपयाही खर्च करणार नाही. व्हॉल्व्हवर घट्ट भाजून बसलेला थर जागेवर चालणाऱ्या इंजिनात थोडासा वायू सोडून निघेल हे मला पटत नाही. कोणी फारच आग्रह केला तर एवढंच म्हणा : स्पार्क प्लग काढून बोरस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) आत घाला, आधीचा फोटो दाखवा, काम करा, नंतरचा फोटो दाखवा. तयारी असली तर बोलणं पुढे न्या.

आणि ‘नाही’ म्हणायला संकोच करू नका. देखभालीच्या तक्त्यात नसलेलं काम नाकारल्याने वॉरंटी जात नाही, तुमची तर संपलेलीच आहे. जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. नको त्या ओळीवर त्याच्यासमोर काट मारा.

मायलेजचं वेगळं सांगतो, कारण तुमच्या मनातलं खरं दुखणं तेच दिसतंय. 18 वरून साडेपंधरा म्हणजे साधारण 14 टक्क्यांची घट. यातली जवळपास निम्मी घट इंजिनातल्या किटणामुळे नाही, पेट्रोलमुळेच आहे. तुम्ही गाडी घेतली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम होतं, आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई20 वर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. तुमची गाडी त्याच वर्गातली. म्हणजे अठरातला एक-सव्वा किलोमीटर इथेच गेला, आणि तो कुठल्याही बाटलीने परत येणार नाही. बाटली विकणारा हे सांगत नाही. मायलेज वाढेल एवढंच सांगतो.

उरलेली घट शोधण्यासारखी आहे. टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा. भुसावळच्या 45 अंशांत गाडी चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत एसी चालतो, आखूड फेरीत त्याचा भार फार जाणवतो. म्हणून मायलेजची तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच करा. आणि एअर फिल्टर. पुस्तिकेतला बदलायचा अंतराचा आकडा चांगल्या रस्त्यांसाठी असतो. तुमची गाडी मळ्याच्या रस्त्याने, काळ्या मातीच्या फुफाट्यातून जाते, कापसाच्या दिवसांत हवेत तंतूही असतात. त्या पुस्तिकेतच धुळीच्या भागासाठी वेगळा, कमी अंतराचा आकडा दिलेला असतो, तो आपला. फिल्टर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात फुंकून परत बसवू नका. कागद फाटतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा झिजवते. नवा फिल्टर घाला, तो फार महाग नसतो. आपल्या भागात इंजिनाचं आयुष्य धुळीने जेवढं घटतं तेवढं कार्बनने घटत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

चिरंजीव टर्बो पेट्रोल बघतायत, तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. बऱ्याच नव्या टर्बो इंजिनांत पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये असतो : ह्युंदाईचं 1.0 टर्बो जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनचं टीएसआय, मारुती फ्रॉन्क्समधलं 1.0 बूस्टरजेट, महिंद्रा एक्सयूव्ही700 मधलं पेट्रोल. यात व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंबही पडत नाही. तिथे क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ मात्र जाते आणि भाजून थर बनवते. टाकीत ओतलेली बाटली, ती कितीही उत्तम असो, त्या थरापर्यंत पोचूच शकत नाही. ती इंजेक्टरचं टोक साफ ठेवेल, तेवढा उपयोग खरा. व्हॉल्व्हवरचा थर पुढे कधी त्रास द्यायला लागला तर मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा भाग) काढून अक्रोडाच्या कवचाच्या बारीक भुग्याचा हवेच्या दाबाने मारा करून तो उडवतात, हा खात्रीचा उपाय आहे. तो दिवस लांब ठेवायचा तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, वेळेआधी बदल, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर ऑइल कधीच न भरणं.

सगळ्या टर्बो मात्र अशा नाहीत. टाटा नेक्सॉनच्या 1.2 टर्बोत फवारा तुमच्या गाडीसारखा व्हॉल्व्हच्या अलीकडे पडतो. महिंद्राच्या एक्सयूव्ही 3एक्सओमध्ये तर दोन वेगवेगळी टर्बो पेट्रोल इंजिनं येतात, एक व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारा असलेलं आणि एक थेट सिलिंडरमध्ये. मारुतीच्या ‘ड्युअलजेट’ नावाने फसू नका. तिथे प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, पण दोन्ही व्हॉल्व्हच्या अलीकडेच. शोरूममध्ये ‘इंजेक्शन थेट आहे का पोर्टमध्ये (व्हॉल्व्हच्या अलीकडे)’ एवढं विचारून घ्या.

साडूंची गाडी कोणत्या सालची ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो. 2020 च्या एप्रिलआधीची बीएस4 (प्रदूषणाच्या जुन्या नियमांची) डिझेल असेल तर दर टाकीला ओतलेल्या बाटलीने बहुधा पैशांपलीकडे फार नुकसान होत नाही. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत) डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि नोझलची भोकं एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे तिथे थर चढला तर फवारा बिघडतो. डिटर्जंट तो रोखायला मदत करतं. पण इंजेक्टर आतून झिजला असेल तर त्याच्यातून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजून बघावं लागतं, आणि झीज कोणतीही बाटली भरून काढत नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इनटेकमधला काजळी-ऑइलचा लगदा डिझेलच्या वाटेवर नाहीच, तिथेही टाकीतलं औषध पोचत नाही. दर टाकीच्या बाटलीचे पैसे डिझेल फिल्टरवर घाला आणि फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडा म्हणावं, विशेषतः पावसाळ्यात.

गाडी बीएस6 असेल तर त्यांना आजच थांबवा. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी साधारण 550-600 अंशांना जळून जाते, पण धातूयुक्त ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते, आणि नव्या डीपीएफचा खर्च ऐकून माणूस घाबरतो. बाटलीवर ‘डीपीएफसाठी सुरक्षित’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती बीएस6 डिझेलमध्ये ओतायचीच नाही. त्या गाडीला औषधापेक्षा आठवड्यातून एकदा महामार्गावर न थांबता अर्धा तास धावणं जास्त गरजेचं.

पेट्रोलबद्दल शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुमचा हक्क आहे. नोझलचं टोक पुसून एक थेंब कागदावर टाकायचा; दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला तर बरं, तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या. घनताही मोजून मागता येते. 15 अंशांना बदलून काढलेला आकडा पंपाच्या त्या दिवसाच्या नोंदीपेक्षा घनमीटरला 3 किलोहून जास्त हलायला नको. मळ्यावर कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल मात्र गाडीत ओतू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

राहिली थरथर. तिचा क्रम असा ठेवा. आधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, हे लहान काम आहे आणि 72 हजारांना गरजेचं असतं. मग स्पार्क प्लग बघायला लावा. कधी बदललेत ते जुन्या बिलांत सापडेल. इंजिनाच्या माउंटिंगचं रबर आपल्या उन्हात चिरतं आणि थरथर नेमकी उभ्या गाडीत, एसी लावल्यावर जाणवते, तेही तपासा. तरी फरक नसेल तर स्कॅनर लावून इंजिन गरम असताना फ्युएल ट्रिमचे (इंजिन ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतंय त्याचे) दोन्ही आकडे, थोड्या वेळाचा आणि दीर्घ मुदतीचा, कागदावर लिहून घ्या. ई20 वर तुमच्यासारख्या गाडीत दीर्घ मुदतीचा आकडा पाच-सहा टक्के अधिक दिसणं साहजिक आहे, कारण इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. तेवढ्यावरून कोणी ‘इंजेक्टर चोक’ म्हणाला तर ऐकू नका. आकडा 10-12 च्या पुढे असेल तर कुठे हवा गळते का, पंपाचं प्रेशर बरोबर आहे का, आणि मग इंजेक्टर, असं तपासायचं. ते आकडे आणि झाकणाखालचा फोटो मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.